कम्प्युटरचा माठ

आमच्या घरी उन्हाळा आधी कानांना कळायचा. होळी आटोपली की ओसरीत पत्रा ठोकल्याचा आवाज सुरू व्हायचा, तो थेट मृग लागेपर्यंत. बाबा कूलर-मिस्त्री होते. आमच्या कारधा गावात तर त्यांचे कूलर होतेच, पण नदीवरचा पूल ओलांडला की भंडाऱ्यातल्या कितीतरी खिडक्यांना त्यांनी बांधलेले कूलर लटकलेले दिसायचे. त्यांच्या सायकलवर मागे बसून शहरात जायचं म्हणजे दर गल्लीत "हा आपला, तो आपला, हा दुसऱ्याचा, म्हनून खडखडते" हे ऐकत जायचं. ओसरीत पत्र्याच्या टाक्या, अंगणात वाळत घातलेल्या ताट्या, म्हणजे कूलरच्या तीन बाजूंना जाळीत भरतात ते लाकडाचं बारीक गवत, आणि बादल्यांत बुडवून तपासायला ठेवलेले छोटे पंप. चांगला पंप पाण्यात नुसता गुरगुरतो. बिघडलेला खोकतो. मला सहावी-सातवीतच तो फरक ऐकून सांगता यायचा आणि बाबा गिऱ्हाइकासमोर मुद्दाम मला विचारायचे. भिजलेल्या ताटीचा वास मला अजूनही आवडतो. माझ्या लेकीला त्या वासाने शिंका येतात.

आई या सगळ्या पसाऱ्यातून वाट काढत स्वयंपाक करायची. उन्हाळ्यात तिचा बेत ठरलेला होता: सकाळी भात आणि लाखोरीच्या डाळीचे वडे, दुपारी आंबील, संध्याकाळी जे उरेल ते आणि त्यावर कैरीचं पन्हं. नदीच्या रेतीतल्या वाडीवरून टरबुजं यायची. आई ती कूलरच्या टाकीत सोडून द्यायची, आणि टाकी साफ करायला गेलेल्या बाबांच्या हाताला भलतंच काही लागलं की ओरडायची, "हळू! टरबूज फुटन!" आता नदीला उन्हाळ्यातही धरणाचं पाणी चढलेलं असतं, रेतीही नाही आणि वाडीही नाही. पण आमच्या त्या घरात गारवा ही चीज पाण्यातून येते, यावर सगळ्यांचा विश्वास होता. हे सांगणं भाग आहे, कारण पुढचा सगळा घोटाळा त्या विश्वासातूनच झाला.

मी बारावी झाले त्या वर्षी घरात कम्प्युटर आला. तो माझ्यासाठी नव्हता. माझा आत्येभाऊ प्रकाशदादा लग्नांचं शूटिंग करायचा आणि त्याला मिक्सिंगसाठी, म्हणजे कॅसेटमधलं चित्रण कापून, जोडून, गाणी भरून सीडी बनवण्यासाठी, हक्काची मशीन हवी होती. त्याच्या घरी जागा नव्हती, आमच्याकडे एक खोली होती. दादाला कॅमेरा खांद्यावर घेऊन मिरवायला आवडायचं, मांडी घालून बसायला नाही. म्हणून त्याने मला चार दिवस शिकवलं आणि पाचव्या दिवसापासून मिक्सिंग माझं झालं. मला ते काम इतकं आवडलं की मी जेवण विसरायचे. कोणाची मावशी कुठे रडते, कोणता व्याही कोणाकडे पाहून तोंड फिरवतो, हे सगळं मला माहीत असायचं आणि मी ते बेमालूम कापून टाकायचे. घरात मात्र माझ्या डी.एड.च्या फॉर्मची चर्चा होती. आईच्या दृष्टीने मी बाईच होणार होते, शाळेतली. मी जोवर कम्प्युटरवर दादाचं काम नीट करते तोवर तो विषय थांबलेला होता, इतकंच.

मे महिना चढला आणि मशीन बंद पडायला लागली. मिक्सिंगचं शेवटचं काम सगळ्यात जड असतं. कापलेलं, जोडलेलं सगळं एकत्र शिजवून कम्प्युटर अखंड फिल्म तयार करतो. त्या काळच्या मशीनला त्यासाठी चार-पाच तास लागायचे आणि तेवढा वेळ ती तापत राहायची. पडद्यावर साठ टक्के, सत्तर टक्के असे आकडे चढत आणि अचानक सगळं काळं. पुन्हा पहिल्यापासून. मदरबोर्डच्या मधोमध जो प्रोसेसर बसलेला असतो तो ठरलेल्या तापाच्या वर गेला की स्वतःला वाचवण्यासाठी मशीन बंद करतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बाबांनी कम्प्युटरच्या डब्याला हात लावून पाहिला आणि ताप आलेल्या पोराकडे पाहावं तसा चेहरा केला.

"याले कूलर पाहिजे," ते म्हणाले.

आणि त्यांनी तो दिला. घरातला सगळ्यात चांगला कूलर, जो आईच्या खोलीत असायचा, तो उचलून कम्प्युटरसमोर आला. डब्याचं एका बाजूचं झाकण काढून टाकलं आणि ओल्या वाऱ्याचा झोत थेट मदरबोर्डवर. आई पदराने वारा घेत म्हणाली, "मले तीस वर्सांत कोनी असा कूलर नाही लावून देल्ला." पण मशीन चालली! दहा दिवस काय सुंदर चालली. मी स्वतः त्या झोतात बसून काम करायचे, हातावर बारीक तुषार उडायचे आणि मला राणीसारखं वाटायचं. कारध्याच्या कुठल्याही माणसाने हेच केलं असतं. माणूस तापला तर कूलर लावतात, मग मशीनला का नाही? ते तुषार मदरबोर्डवरही उडत असतील, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. अकराव्या दिवशी बटण दाबलं तर काहीच झालं नाही.

भंडाऱ्यात तेव्हा कम्प्युटर जोडून देणारे मोजकेच होते. त्यांतले गजूभाऊ म्हणजे शांत, बारीक आवाजाचा माणूस. ते कधी कोणाला हसायचे नाहीत. आमचा डबा उघडून त्यांनी दिवा आत धरला. मदरबोर्डवर पांढरी भुकटी साचली होती, बारीक टाचण्यांसारखे पाय हिरवे पडले होते.

"मिस्त्री," ते बाबांना म्हणाले, "तुम्ही याले आंघोळ घातली का?"

मग मात्र ते हसले. बाबांना ते हसणं लागलं. गजूभाऊंनी दोन दिवस मशीन ठेवून घेतली, दात घासायच्या मऊ ब्रशने आणि स्पिरिटने एकेक पाय साफ केला. सोमवारी ती चालू करून देताना त्यांनी मला समजावलं ते अजून लक्षात आहे. "ताई, हवा द्या नाही तं पानी द्या. दोन्ही मिसळून नका देऊ. कोरड्या हवेसाठी मोठा पंखा मिळते, प्रोसेसरवर बसवाचा. मोठ्या शहरात काही लोक पान्यानं बी करतात, पन ते पानी बंद नळीत असते, बोर्डाले शिवत नाही. हा बोर्ड आता एकदा वाचला. पुन्हा ओल लागली तं गेला समजा, आन दुसरा नागपुरावरून याले आठ दिवस."

आठ दिवस आमच्याकडे नव्हते. कोंढ्याच्या एका मास्तरांच्या मुलीचं लग्न दादाने शूट केलं होतं. ती नवऱ्याबरोबर रविवारी सकाळच्या गाडीने गुजरातेत जायची होती, आणि तिला लग्नाची सीडी सोबत न्यायची होती. दादा पुलावरच भेटला, गाडी बंद न करता बोलला, "शनिवारपर्यंत झालं तं झालं. नाही तं यापुढं सगळं काम नागपूरले. मंग ही मशीन कायले पाहिजे? इकून टाकू." त्याचंही चुकलं नव्हतं. पण घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर डी.एड.चा फॉर्म आणि रिकामी खोली दिसत होती.

मला वाटलं होतं बाबा पंखा आणतील. पण "बंद नळीतलं पानी" हे शब्द त्यांच्या डोक्यात जाऊन बसले होते. पाण्याची चूक नव्हती, पाणी देण्याची तऱ्हा चुकली, असं त्यांनी मनाशी ठरवलं. त्याच दुपारी ते ओळखीच्या भांडेवाल्या कारागिराकडे जाऊन बसले आणि तांब्याची काडेपेटीएवढी चपटी डबी बनवून आले, पाणी यायला एक तोटी, जायला एक. ती प्रोसेसरवर पट्टीने घट्ट बसवली. तिला गवंडी लेव्हलसाठी वापरतात ती पारदर्शक नळी जोडली, सांध्यांना स्कूटरच्या दुकानातले चिमटे आणि वर लांबी, म्हणजे खिडकीच्या काचा बसवायचा लगदा. पाणी फिरवायला कूलरचा पंप. आणि पाणी ठेवायला काय, तर आईचा माठ! टेबलाखाली ओल्या रेतीच्या टोपल्यात माठ बसला, त्यात पंप सोडला. पाणी माठातून वर चढायचं, तांब्याच्या डबीतून प्रोसेसरची गरमी घेऊन परत माठात यायचं आणि तिथे गार व्हायचं. आजही मला वाटतं, फारच हुशारीचं काम होतं ते. आधी मदरबोर्डवर कागद पसरून त्यांनी एक रात्रभर नुसतं पाणी फिरवून पाहिलं. कागद कोरडा होता.

बुधवारी सकाळी मशीन चालू केली. पडद्यावर प्रोसेसरच्या तापाचा जो आकडा आधी सत्तरच्या वर जायचा तो पंचेचाळीसवर येऊन थांबला. बाबांनी मला तो आकडा तीनदा वाचायला लावला. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू होता, बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं, आणि तरी कम्प्युटर माठातलं पाणी पितो हे पाहायला आठ-दहा जण आले. शेजारचे एक आजोबा वाकून म्हणाले, "प्यासा असन बिचारा." आईने सगळ्यांना पन्हं दिलं आणि कोणीतरी विचारलं, आता प्यायचं पाणी कुठे ठेवता, तेव्हा तिने कम्प्युटरकडे बोट दाखवून "मालकाले इचारा" म्हटलं. बाबा इतके खूश मी त्याआधी पाहिले नव्हते. कूलर तर सगळेच बनवतात. हे गजूभाऊंनीही पाहिलेलं नव्हतं.

लोक गेले आणि मी कामाला बसले. तासाभराने सहज आत पाहिलं तर वरच्या सांध्याखाली एक थेंब होता. डाळीच्या दाण्याएवढा. खाली बरोबर मदरबोर्ड. मी तो बोटाने टिपला, फडक्याने सांधा पुसला, परत बसले. पाऊण तासाने दुसरा. उन्हाने लांबी मऊ पडली असेल, नळी सैल झाली असेल, काय ते मला कळलं नाही. मी मुलीच्या हळदीचा प्रसंग कापत होते, पण लक्ष सगळं त्या सांध्याकडे. दर दोन मिनिटांनी मान वळवून पाहायचे. हळद लावणाऱ्या बायकांचे चेहरेही मला दिसेनात.

तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट स्वच्छ झाली. पंखा बिघडला तर काय होईल? मशीन तापेल, स्वतःहून बंद पडेल, मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करेन, रडेन, पण करेन. पाणी बिघडलं तर पुन्हा नाहीच. पंचेचाळीसचा आकडा कितीही गोड असला तरी त्याच्या वर एक थेंब लटकलेला होता. मला हवा हवी होती. आणि हे बाबांना सांगायला हवं होतं, ज्यांनी नुकतंच गावाला बोलावून माठ दाखवला होता. गप्प बसावं, थेंब पुसत पुसत शनिवार गाठावा, असंही मनात आलं. खरं सांगायचं तर तासभर मी तेच केलं. कम्प्युटर बंद पडण्याची मला इतकी भीती वाटली नसेल जितकी बाबांच्या चेहऱ्याची वाटली.

बाबा ओसरीत ताटी बांधत होते. मी जाऊन उभी राहिले.

"बाबा, मले पंखा पाहिजे."

"काहून? पंचेचाळीसच हाये न?"

"हाये. पन मी काम नाही करून राहिली बाबा. मी थेंब पुसून राहिली."

ते उठले, खोलीत आले. वाकून सांध्याखाली बोट फिरवलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. बोट ओलं होतं. मग ते सदऱ्याला पुसलं, पंपाची पिन काढली आणि सायकल घेऊन निघून गेले. भर नवतप्यात, डोक्याला दुपट्टाही न बांधता. आई दारापर्यंत धावली, "अवो, टावेल तं घ्या!" मागून मला म्हणाली, "काय म्हनलं तू त्याहिले?" मी सांगितलं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवून आत गेली. मी तिथेच बसून रडले. मला वाटत होतं मी बरोबर आहे, आणि तेच जास्त टोचत होतं.

ऊन कलल्यावर बाबा आले. सायकलच्या हँडलला एक खोकं लटकवलेलं. ते गजूभाऊंकडे गेले होते, जिथे पाऊल ठेवणार नाही असं सोमवारी आईला सांगितलं होतं. पंखा आणला होता, वीतभर उंचीच्या दह्याच्या मडक्याएवढा, खाली पितळी चमक असलेल्या पात्यांचा गठ्ठा. आणि नुसता आणला नाही, कुठून हवा घ्यायची, कुठून सोडायची, धूळ कशी अडवायची हे सगळं तासभर बसून विचारून आले होते. आल्या आल्या त्यांनी डब्याच्या पाठीला पत्रा कापायच्या कात्रीने गोल भोक पाडलं, मच्छरदाणीचा तुकडा लावला आणि पत्र्याचं नळकांडं बनवून ते भिंतीतून आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं, जिथे मातीच्या भिंतींमुळे दुपारीही हवा जरा बरी असायची. काम करता करता मध्येच स्वतःशीच हसले.

"कूलरात अर्धं काम पंख्याचंच असते," ते म्हणाले. "मीच इसरलो."

पंख्यावर आकडा एकसष्टवर थांबला. पंचेचाळीस नव्हे. पण गजूभाऊ म्हणाले होते तेवढ्यात मशीन खुशाल चालते, आणि ती चालली. गुरुवारी, शुक्रवारी वीज जायच्या वेळा सांभाळून मी काम केलं. शुक्रवारी दुपारी शंभर टक्क्यांचा आकडा आला तेव्हा बाबा शेजारी खुर्चीवर बसल्या बसल्या घोरत होते. मी त्यांना उठवलं नाही. शनिवारी दादा सीडी घेऊन कोंढ्याला गेला, परत येताना मास्तरांनी दिलेला लाडवांचा डबा आणि आंधळगावच्या एका लग्नाच्या चार कॅसेटी घेऊन आला. मशीन विकायची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही. त्या वर्षी डी.एड.चा फॉर्म आईने फडताळात ठेवला आणि पुढे त्यावर पापड वाळवले. कूलर तिच्या खोलीत परत गेला. माठ घासून जागेवर आला, पण वर्षभर त्यातलं पाणी पिताना कोणी ना कोणी म्हणायचंच, कम्प्युटरचं उष्टं आहे.

त्या बुधवारबद्दल बाबा आणि मी कधीच बोललो नाही. तांब्याची डबी त्यांनी कपाटावर ठेवली, ती अजून तिथेच आहे. दर दिवाळीला आई ती चिंचेने घासते.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भंडाऱ्याच्या स्टुडिओसाठी नवी मशीन घेतली. जोडायला गजूभाऊच. आता त्यांचे केस पांढरे आहेत आणि ते पुष्कळ हसतात. "ताई, हवा का पानी?" त्यांनी विचारलं. आता पाण्याचंही तयार मिळतं, कारखान्यातच कायमचं बंद केलेलं, त्यात पाणी घालायचं नाही की काढायचं नाही. तरी मी अर्धा दिवस विचार केला. मग म्हणाले, पाणी.

बाबा आता फारसे कुठे जात नाहीत, पण हे कळल्यावर रिक्षा करून आले. डबा अजून उघडाच होता. खुर्ची ओढून बसले, चष्मा नाकावर सरकवला, दोन काळ्या नळ्या कुठून कुठे जातात ते पाहिलं. मग हात आत घालून प्रोसेसरवरच्या सांध्याखाली बोट फिरवलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

"कोरडं हाये," ते म्हणाले. बोटाकडेच पाहत होते. "त्या दिवसी तू नाही म्हनली नसती न, तं मी काही थांबलो नसतो. बरं झालं तू म्हनली."

माझे डोळे एकदम भरून आले.

"मांगं सरक," बाबा म्हणाले, "बोर्डावर पानी पाडशील."